रेडिओथेरपीत एआय एकाच रुग्णाची 'घोकंपट्टी' का करतंय? आणि त्यात धोका काय?

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिओथेरपी सुरू होण्याआधी रुग्णाच्या चेहऱ्याचा साचा घेतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि काही मिनिटांत ती कडक होते. पुढचे सहा-सात आठवडे रोज याच मास्कमध्ये रुग्णाचं डोकं जखडून किरण दिले जातात. खेड्यापाड्यांत याला 'लाईट देणं' किंवा 'शेक देणं' म्हणतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास अनेकांचा मास्क सैल होऊ लागतो. तोंड सोललेलं असतं, गिळताना दुखतं, त्यामुळे जेवण तुटतं आणि वजन उतरतं. मानेतली गाठही बारीक होत असते. गाठ बारीक होणं ही चांगलीच बातमी, पण तिच्यामुळे एक पेच उभा राहतो. किरण कुठे जायचे आणि कुठे टाळायचे, याचा नकाशा महिन्याभरापूर्वीच्या सीटी स्कॅनवर काढलेला असतो. नकाशा जुना आणि शरीर नवं, अशी स्थिती तयार होते.

हा नकाशा रोज नव्याने काढता येईल का, तोही रुग्ण टेबलावर झोपलेला असताना, या प्रश्नाभोवती गेली काही वर्षं बरंच संशोधन सुरू आहे. त्यातली एक दिशा ऐकायला उलटी वाटते. हजारो रुग्णांवर चालेल असं एआय बनवण्याऐवजी, एकाच रुग्णावर चालेल असं एआय मुद्दाम तयार करायचं.

नकाशा काढायचा म्हणजे काय?

सीटी स्कॅन म्हणजे शरीराच्या आडव्या कापांची चळत. दोन कापांमध्ये साधारण अडीच-तीन मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे डोकं आणि मान मिळून शंभराहून अधिक काप सहज होतात. यातल्या प्रत्येक संबंधित कापावर डॉक्टर कॉम्प्युटरच्या माऊसने रेघ ओढतात. ही गाठ, हा गाठीभोवतीचा संशयित भाग, हा मज्जारज्जू, ही डावी लाळग्रंथी, ही उजवी, हा जबडा, ही डोळ्याची नस. या कामाला रुग्णालयात 'कंटुरिंग' म्हणतात. हेच काम कॉम्प्युटर करतो तेव्हा त्याला 'सेगमेंटेशन' असं नाव आहे.

रेघ दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे गेली तर काय बिघडतं? घशाच्या कॅन्सरमध्ये गाठीला साधारण ७० ग्रे इतका डोस ३५ दिवसांत विभागून देतात. ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक आहे. मज्जारज्जूला मात्र साधारण ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं. कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथीला सरासरी २५ ग्रेच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो, नाहीतर तोंड कायमचं कोरडं पडतं. मग भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, रात्री चार वेळा उठून घोट घ्यावा लागतो, दात किडतात. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या 'पार्स्पोर्ट' चाचणीने हे आकड्यांत दाखवलं. जुन्या पद्धतीच्या रेडिओथेरपीनंतर वर्षभराने ७४ टक्के रुग्णांना कोरडेपणाचा लक्षणीय त्रास होता. लाळग्रंथी वाचवण्याचा प्रयत्न केलेल्या गटात हेच प्रमाण ३८ टक्के होतं.

पण लाळग्रंथी वाचवायची, तर ती नेमकी कुठे आहे हे मशीनला आधी कुणीतरी सांगायला हवं. मशीन फक्त रेघ पाळतं.

लाळग्रंथी जागा बदलते

अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये एक छोटा पण पुढे फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण फक्त १४ होते, पण उपचाराच्या काळात आठवड्यातून तीनदा त्यांचा सीटी काढला होता. डोक्या-मानेतली गाठ उपचाराच्या दर दिवशी मूळ आकाराच्या सरासरी १.८ टक्के या वेगाने आक्रसत होती. लाळग्रंथीही लहान होत होत्या आणि सुमारे तीन मिलिमीटर आत, म्हणजे जास्त डोसच्या दिशेने सरकत होत्या. जिला वाचवायचं तीच आगीजवळ जात होती.

ओटीपोटात तर हे आठवड्यांचं नव्हे, तासांचं गणित असतं. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी आलेल्या रुग्णाला ठरावीक पाणी पिऊन थांबायला सांगतात, कारण मूत्राशय रोज सारखंच भरलेलं हवं असतं. प्रत्यक्षात एखाद्या दिवशी बसला उशीर होतो, एखाद्या दिवशी पोटात गॅस असतो. मूत्राशय कमीजास्त भरलं की गर्भाशय सरकतं, आणि गुदाशय फुगलं की प्रोस्टेट ढकललं जातं.

यावरचा जुना उपाय म्हणजे गाठीभोवती सुरक्षित समास ठेवणं. वहीत डावीकडे कोरी जागा सोडतात तसंच हे. पण हा समास स्वस्त नाही. चार सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचं आकारमान साधारण ३३ घन सेंटिमीटर असतं. तिच्याभोवती सगळीकडून अर्धा सेंटिमीटर सोडला, तर किरण खाणारा भाग ६५ घन सेंटिमीटर होतो, आणि पूर्ण एक सेंटिमीटर सोडला तर ११३. म्हणजे गाठीच्या सव्वातीनपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक भाग निरोगी. समास कमी करायचा, तर आज गाठ कुठे आहे हे आजच कळायला हवं.

एआयने मदत कुठवर केली?

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'यू-नेट' नावाची न्यूरल नेटवर्कची रचना मांडली. आज वैद्यकीय प्रतिमांमध्ये अवयवांच्या सीमा ओळखणाऱ्या बहुतेक प्रणाली याच घराण्यातल्या आहेत. डॉक्टरांनी रेघा ओढलेले शेकडो स्कॅन तिला दाखवायचे. कोणता ठिपका यकृताचा आणि कोणता फुप्फुसाचा, हे ती हळूहळू स्वतःच ताडायला शिकते. पुढे स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठ रुग्णालयाने 'टोटल सेगमेंटेटर' हे साधन खुलं केलं. ते सीटीमधल्या शंभराहून अधिक रचना एकामागून एक रंगवून देतं.

यात वेळेचा फायदा खरा आहे. केंब्रिजमधल्या रुग्णालयाबरोबर मायक्रोसॉफ्टने केलेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोक्या-मानेच्या एका स्कॅनवर हाताने रेघा ओढायला सरासरी सुमारे ८७ मिनिटं लागत होती. मॉडेलने काढलेल्या रेघा तपासून दुरुस्त करायला सुमारे पाच. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत अशा नऊ प्रणाली वापरायला सशर्त हिरवा कंदील दिला. अट अशी की प्रशिक्षित माणसाने प्रत्येक रेघ तपासल्याशिवाय ती उपचारात जाऊ नये, आणि वापर सुरू असताना पुरावेही गोळा होत राहावेत.

एवढं झाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण ही मॉडेल्स 'साधारण माणूस' शिकलेली असतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ग्लोबोकॅनच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळतात. तंबाखू, गुटखा, मावा यांचा हा हिशेब. यातल्या अनेकांवर आधी शस्त्रक्रिया होते. जबड्याचा तुकडा काढतात, पायातलं हाड किंवा छातीचा स्नायू घेऊन ती जागा भरतात आणि मग रेडिओथेरपी देतात. अशा रुग्णाच्या स्कॅनमध्ये एका बाजूचा जबडा म्हणजे पिंडरीतलं हाड आणि टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्या बाजूची लाळग्रंथी कदाचित नसतेच. दातांतल्या धातूमुळे चित्रावर पांढरे फटकारे उमटतात. दोन्ही बाजू शाबूत असलेल्या चेहऱ्यांवर शिकलेलं मॉडेल इथे नसलेली ग्रंथी 'शोधून' दाखवू शकतं.

गाठीचं तर विचारूच नका. यकृत सगळ्यांचं थोडंफार सारखं असतं. गाठ प्रत्येकाची वेगळी, आणि तिच्याभोवती किती भाग संशयित धरायचा हा डॉक्टरचा निर्णय असतो. तो चित्रात दिसत नाही. बायोप्सी, तपासणी, एमआरआय आणि अनुभव यांतून तो येतो.

'२१ अपेक्षित'वाला विद्यार्थी

इथे ती उलटी कल्पना कामाला येते. मशीन लर्निंगमध्ये 'ओव्हरफिटिंग' ही शिवी समजली जाते. दहावीचा विद्यार्थी धडा न समजून घेता '२१ अपेक्षित'मधली उत्तरं पाठ करतो. पेपरात तोच प्रश्न आला तर पैकीच्या पैकी, आणि शब्द फिरवून आला तर गाडी अडली. शिकवलेल्या चित्रांची घोकंपट्टी करणारं मॉडेल नव्या रुग्णावर असंच आपटतं, म्हणून ते टाळण्यासाठी नाना युक्त्या केल्या जातात.

पण रेडिओथेरपीत परिस्थिती जरा निराळी आहे. पेपर आधीच फुटलेला आहे. पुढचे ३५ दिवस त्याच रुग्णाचे, त्याच शरीराचे स्कॅन येणार हे ठाऊक आहे. शिवाय पहिल्या दिवशी डॉक्टरने तासभर खपून त्या शरीराचा नकाशा काढून ठेवलेला आहे. मग मॉडेलने घोकंपट्टी केली तर बिघडलं कुठे?

अमेरिकेतलं डॅलसचं यूटी साउथवेस्टर्न आणि दक्षिण कोरियातलं योनसेई विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 'मेडिकल फिजिक्स' या नियतकालिकात २०२२ साली ही पद्धत नाव देऊन मांडली. त्या नावाचा अर्थच 'जाणीवपूर्वक ओव्हरफिट' असा होतो. पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी अनेक रुग्णांवर नेहमीसारखं सर्वसाधारण मॉडेल शिकवायचं. मग समोरच्या एकाच रुग्णाचा पहिला स्कॅन आणि त्यावरच्या डॉक्टरच्या रेघा घ्यायच्या, कॉम्प्युटरवर तो स्कॅन थोडा वाकवून, ताणून, दाबून त्याच्या कितीतरी खोट्या प्रती बनवायच्या आणि त्यांवर मॉडेलला पुन्हा घासायचं. मॉडेल 'मान' विसरत नाही, पण 'ही मान' जास्त ओळखू लागतं.

डोक्या-मानेच्या रुग्णांच्या मध्येच काढलेल्या दुसऱ्या सीटीवर सर्वसाधारण मॉडेलचा गुण ०.८४७ होता. रुग्णावर घासलेल्या मॉडेलचा ०.९३५. पैकी १ म्हणजे डॉक्टरच्या रेघेशी तंतोतंत जुळणं.

याच सुमारास स्वीडनमधल्या उप्साला इथे प्रोस्टेटच्या रुग्णांवर असेच प्रयोग झाले. पुढे म्युनिक आणि रोममधल्या दोन केंद्रांनी मिळून एमआरआय जोडलेल्या रेडिओथेरपी मशीनवरच्या स्कॅनसाठी ते करून पाहिले. तिथेही रुग्णागणिक घासलेलं मॉडेल सर्वसाधारण मॉडेलच्या पुढे राहिलं. एमआरआयवर मऊ ऊतींमधला फरक सीटीपेक्षा स्पष्ट दिसतो. शिवाय रोजचा नकाशा रोज बदलण्याची सोय या मशीनमध्ये मुळातच आहे. त्यामुळे हे संशोधन तिथे जास्त फुललं यात नवल नाही.

या पद्धतीची एक सोय सहज लक्षात येत नाही. पहिला स्कॅन आणि पहिला उपचार यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी काही दिवस जातात, कारण प्लॅन बनवणं आणि तो तपासणं याला वेळ लागतो. मॉडेल घासायला एवढा अवधी पुरेसा आहे. एक बरा ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवला तरी काम होतं. रुग्णाला टेबलावर थांबावं लागत नाही.

गुणपत्रिका नीट वाचा

०.९३५ हा गुण 'डाइस' नावाच्या मापात आहे. दोन आकृत्या एकमेकींवर किती बसतात, एवढंच तो सांगतो. कुठे बसत नाहीत ते सांगत नाही.

समजा, मूत्राशय ३०० घन सेंटिमीटरचं आहे आणि मॉडेलने त्यातला १० घन सेंटिमीटरचा एक तुकडा सोडला. डाइस येईल ०.९८. उत्तम! पण तोच तुकडा नेमका गाठीला चिकटलेल्या बाजूचा असेल तर? उलट ३० घन सेंटिमीटरच्या लाळग्रंथीत तेवढीच चूक झाली तर गुण ०.८ वर घसरतो, मग ती चूक किरणांपासून लांबच्या टोकाला का असेना. म्हणून गुगलच्या डीपमाइंडने लंडनच्या रुग्णालयाबरोबर डोक्या-मानेतल्या २१ अवयवांवर काम करताना वेगळं माप सुचवलं. त्यात अवयवाचा पृष्ठभाग बघतात आणि त्याचा किती भाग डॉक्टरला चालेल इतक्या अंतरात आहे ते मोजतात. दुरुस्तीला किती वेळ लागेल याच्याशी हे माप जास्त जुळतं. खरी परीक्षा मात्र डोसचीच. रेघ चुकल्यामुळे मज्जारज्जूला किती ग्रे जास्त गेले, हा आकडा अनेक शोधनिबंधांत तळाला असतो किंवा नसतोच.

रुग्णागणिक मॉडेलच्या गुणांत आणखी एक खोच आहे. दोन अनुभवी डॉक्टरांना एकच स्कॅन दिला तरी गाठीच्या रेघा हुबेहूब सारख्या येत नाहीत. कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. सर्वसाधारण मॉडेल अनेकांच्या हातांची सरासरी शिकतं, तर घासलेलं मॉडेल एकाच डॉक्टरचा हात उचलतं. पुढच्या स्कॅनवरच्या 'खऱ्या' रेघाही त्याच डॉक्टरच्या असतील, तर गुण वाढणारच. त्यातले किती शरीर ओळखण्याचे आणि किती हस्ताक्षर ओळखण्याचे, हे वेगळं काढणं कठीण आहे. उपचारात सातत्य हवं असेल तर हस्ताक्षर टिकणं चांगलंच. पण ते हस्ताक्षर बरोबर असेल तर.

पहिल्या दिवशीची चूक ३५ दिवस

या पद्धतीचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. पहिल्या दिवशी डॉक्टरकडून मानेतली एक छोटी गाठ रेघेबाहेर राहिली, तर सर्वसाधारण मॉडेल दुसऱ्या दिवशी तिथे वेगळी रेघ काढण्याची शक्यता तरी असते. तो फरक पाहून कुणीतरी थबकेल. घासलेलं मॉडेल मात्र ती गाठ बाहेर ठेवायलाच शिकलेलं असतं. ते रोज नीटनेटकी आणि आत्मविश्वासाने भरलेली तीच चूक काढेल. तपासणाऱ्याला वाटेल, काल होतं तसंच आज आहे, म्हणजे बरोबर असणार.

आणि तपासणारा कोणत्या अवस्थेत असतो? रुग्ण भरल्या मूत्राशयाने टेबलावर आहे, बाहेर पुढचा रुग्ण बसलाय, स्क्रीनवर आधीच काढलेल्या रंगीत रेघा आहेत आणि 'मान्य' हे बटण हाताशी आहे. मशीनने दिलेलं उत्तर बहुधा बरोबरच असेल असं धरून चालण्याची प्रवृत्ती विमान चालवणाऱ्यांपासून औषधं देणाऱ्यांपर्यंत सगळीकडे दिसलेली आहे. रेडिओथेरपीचे डॉक्टर वेगळ्या मातीचे नसतात. उलट मॉडेल जितकं चांगलं, तितकं डोळ्यांत तेल घालून पाहणं अवघड. शंभरातल्या चाळीस रेघा चुकणारं मॉडेल माणसाला जागं ठेवतं, तर शंभरातली एक चुकवणारं त्याला झोपवतं.

दुसरा धोका शरीर एकदम बदलण्याचा. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये गाठीने दाबून बंद पडलेला फुप्फुसाचा भाग उपचारादरम्यान अचानक उघडू शकतो आणि छातीतली सगळी मांडणीच हलते. पहिल्या दिवसाच्या चित्रावर घासलेल्या मॉडेलने असं काही पाहिलेलंच नसतं. खोट्या प्रती बनवताना चित्र थोडं वाकवलेलं असतं, उलटंपालटं केलेलं नसतं. प्रश्न शब्द फिरवून आला, आणि '२१ अपेक्षित' कामी आलं नाही.

यावर सुचणारा साधा उपाय म्हणजे जुनं मॉडेल फेकून न देणं. सर्वसाधारण आणि घासलेलं, दोघांनाही रोज रेघा काढू द्यायच्या. जिथे त्यांचं पटत नाही तो भाग लाल करून डॉक्टरपुढे ठेवायचा. दोघांचं एकमत म्हणजे सत्य नव्हे, पण मतभेद ही थांबून बघायची जागा नक्कीच असते. पहिल्या दिवसाच्या नकाशावर दुसऱ्या डॉक्टरची सही घेणं, हा तर एआयच्या आधीपासूनचा उपाय आहे. मॉडेल त्या नकाशावर घासणार असेल, तर तो आता आणखी मोलाचा ठरतो.

एवढ्या खटाटोपाने रुग्णाला फरक पडतो का?

काही ठिकाणी पडतो. त्यासाठीचे पुरावे थेट एआयचे नाहीत. 'रोज बघून नेम धरला आणि समास कमी केला तर काय होतं' याचे ते पुरावे आहेत.

त्यातला एक मुंबईचा आहे. टाटा मेमोरियल सेंटरने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३०० महिलांवर 'पार्सर' नावाची चाचणी केली. निम्म्यांना नेहमीची रेडिओथेरपी दिली, निम्म्यांना स्कॅनच्या मदतीने नेम धरून डोसचा आकार घडवणारी. तीन वर्षांनी आतड्यांचा मध्यम किंवा गंभीर त्रास नेहमीच्या गटात ४२.४ टक्के आणि दुसऱ्या गटात २१.१ टक्के होता. कॅन्सरवरचं नियंत्रण दोन्हींकडे सारखंच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल जगभर वाचला गेला.

लॉस एंजेलिसमधल्या 'मिराज' चाचणीत प्रोस्टेटच्या रुग्णांना एमआरआयच्या नजरेखाली किरण दिले. त्यामुळे समास चारवरून दोन मिलिमीटरवर आणता आला. लघवीचा लक्षणीय त्रास ४३.४ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर आला. (ते एमआरआय मशीन बनवणाऱ्या कंपनीने मात्र २०२३च्या जुलैमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. चांगला निकाल आणि चांगला धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

काही ठिकाणी मात्र फरक पडत नाही. फ्रान्समध्ये घशाच्या कॅन्सरच्या १३२ रुग्णांवर 'आर्टिक्स' चाचणी झाली. एका गटाचा नकाशा दर आठवड्याला नव्याने काढला, दुसऱ्याचा एकदाच. लाळ वाचेल अशी अपेक्षा होती. २०२३ मध्ये निकाल आला तो असा की दोन्ही गटांच्या लाळेत फरक नाही. सरकलेल्या लाळग्रंथीची गोष्ट कागदावर इतकी पटणारी असूनही.

म्हणजे सरसकट सगळ्यांचा नकाशा रोज बदलून उपयोग नाही. फायदा कुणाला होईल हे आधी ओळखावं लागेल. ज्याची गाठ झपाट्याने वितळतेय, ज्याचं वजन दहा किलोने उतरलंय, ज्याचं गर्भाशय रोज जागा सोडतंय, असे ते रुग्ण. एआयचा खरा वाटा तिथे असू शकतो. रोजचा स्कॅन आपोआप मोजून 'या रुग्णाचा नकाशा शिळा झालाय' एवढं जरी ते वेळेत सांगू शकलं, तरी नव्याने रेघा ओढायचं काम मोजक्यांपुरतं राहील.

परवानगी कोणत्या मॉडेलला?

कायद्याच्या बाजूने हे मॉडेल विचित्र आहे. एखाद्या सॉफ्टवेअरला परवानगी मिळते तेव्हा ते ठरावीक चाचण्यांतून गेलेलं असतं आणि तसंच राहील असं गृहीत धरलेलं असतं. इथे मात्र प्रत्येक रुग्णागणिक नवं मॉडेल जन्माला येतं. ते दोन महिने जगतं आणि संपतं. त्याची चाचणी घ्यायला दुसरा रुग्णच नाही.

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये, मंजुरीनंतर एआय कसं आणि किती बदलू शकेल याचा आराखडा आधीच मंजूर करून घेण्याची पद्धत अंतिम केली. रुग्णागणिक मॉडेलला हाच मार्ग थोडाफार लागू पडतो. मॉडेलला नव्हे, तर मॉडेल घडवायच्या कृतीला परवानगी. शिंप्याच्या प्रत्येक सदऱ्याला परवाना द्यायचा नाही, पण तो माप कसं घेतो आणि उसवलं तर काय करतो हे तपासायचं. भारतात २०२०पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतं. मात्र रुग्णागणिक बदलणाऱ्या मॉडेलची रोजची राखण शेवटी रुग्णालयातल्या मेडिकल फिजिसिस्टच्या टेबलावरच येऊन पडणार, आणि ती माणसं आधीच कमी आहेत.

इथल्या केंद्रात याचा अर्थ काय?

एमआरआय जोडलेली किंवा टेबलावरच नवा प्लॅन बनवणारी मशीन महाग आहेत. त्यांवर एका रुग्णाला अर्ध्या तासापासून तासापर्यंत वेळ लागू शकतो. सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात एकाच मशीनवर सकाळपासून रात्रीपर्यंत रांग असते. तिथे रोज तासभर हा हिशेब बसणारच नाही.

पण रुग्णागणिक मॉडेलला ते मशीन लागतंच असं नाही. मास्क सैल झाला म्हणून चौथ्या आठवड्यात दुसरा सीटी काढण्याची पद्धत इथल्या केंद्रांतही आहे. तो सीटी झाला की सगळ्या रेघा पुन्हा ओढायच्या असतात. डॉक्टर ओपीडी संपवून संध्याकाळी त्या ओढतो, प्लॅन दोन-तीन दिवसांनी तयार होतो आणि तोवर रुग्ण जुन्याच नकाशावर किरण घेत राहतो, किंवा उपचारात खंड पडतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये असा खंड महागात पडतो. पहिल्या सीटीवर घासलेलं मॉडेल हेच काम संध्याकाळऐवजी दुपारीच आणून देऊ शकलं, तर वाचलेले दोन दिवस थेट रुग्णाचे. त्यासाठी कोट्यवधींचं मशीन नको. एक कॉम्प्युटर हवा, तो समजणारा फिजिसिस्ट हवा आणि पहिला नकाशा नीट काढलेला हवा.

हे होईपर्यंत नकाशा शिळा झाल्याची पहिली खूण एआयला नव्हे, रुग्णालाच कळते. मास्क गालावर पूर्वीसारखा घट्ट बसत नसेल, आत मान हलवता येत असेल किंवा पट्टा ओढूनही फट राहत असेल, तर ते रोज मशीनवर झोपवणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला त्याच दिवशी सांगावं. 'आता दहाच दिवस राहिलेत, कशाला त्रास द्यायचा' म्हणून अनेक जण गप्प बसतात. दुसरा सीटी काढायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. मास्क सैल झालाय हे मात्र त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.